बावीस नंबरचं घर

साहेब, तुम्ही लबाड आहात! शाळेतल्या संडासाचं कुलूप तुम्हाला कधी दिसलं नाही. तेच कुलूप खेळाच्या पटावर लिहिलेलं दिसलं, तेव्हा मात्र डोळ्यांत खुपलं.

फुलसावंगीजवळच्या तांड्यावरचा जीवन राठोड दुकानांचे बोर्ड रंगवतो आणि उरल्या रंगात पोरांसाठी खेळ बनवतो. आजवर सात बनवले, एकालाही कुणी विचारलं नाही. आठवा 'दहावी पास'. तांड्यापासून बोर्डाच्या परीक्षेपर्यंत पन्नास घरं, फाशांऐवजी फोडलेले चिंचोके. बाविसावं घर त्याच्या नववीतल्या लेकीनं, बबितानं सांगितलं : 'मुलींच्या संडासाला कुलूप. पाळी आली, चार डाव घरी बसा.'

खेळ जिल्ह्याच्या प्रदर्शनात निवडला गेला. सगळ्या शाळांत जाणार, वर जीवनचं नाव! जिल्ह्याच्या शिक्षणाधिकारी साहेबांची फक्त एक अट.

"ते घर काढा हो, जीवनराव. घाण वाटतं. तिथं 'झाड लावलं, तीन घरं पुढे' असं लिहा."

जीवनराव! इतक्या वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. त्यानं ब्रश उचलला आणि ते घर पांढरं करून टाकलं.

त्याची याडी, म्हणजे आई धुरपताबाई, बबिताच्याच शाळेत खिचडी शिजवते. तिनं पट पाहिला.

"काहून पुसलं रे?"

"याडी, एकच तर घर हाय."

"मंग बबितीले काय सांगशीन? कुलूप उघडलं म्हणून?"

"अवं, खेळ हाय तो!"

"किल्ली मोठ्या गुरुजीच्या खिशात राह्यते, पाहुणे आले का निंघते. पोरी दिवसभर पाणी पेत नाहीत, मले दिसते ना! एका जागी लिहून आलं, थे बी बापानंच पुसलं. झाड लावा म्हणते तुहा साहेब! पोरींले त्या झाडामांगं बसवतं का?"

जीवन उठलाच! ओल्या पांढऱ्यावर त्यानं लाल रंग ओढला, अक्षरं पहिल्याहून दुप्पट. साहेबांना फोन केला, "ते घर राह्यलं तरच खेळ द्याचा हाय." खेळ यादीतून गेला, नावही गेलं. त्याला वाईट वाटलं, खोटं कशाला बोला.

बाजाराच्या दिवशी त्यानं पट भाजीवाल्यांच्या रांगेत मांडला. भाजी विकणाऱ्या बसंतीबाईनं हसत हसत चिंचोके फेकले आणि बाविसाव्या घरात अडकली. वाचून हसू गेलं.

"अवं माय! माही निकिता दर महिन्याले पोट दुखते म्हणून घरी राह्यते. मी तिले कामचोट्टी म्हणून झोडलं वं!"

"आता पोरीले नको, शाळेले इचार," धुरपताबाई म्हणाली. "चाल, मी बी येतो. खिचडीचं काम गेलं तं गेलं."

दुसऱ्या दिवशी सतरा बाया शाळेत धडकल्या. मोठे गुरुजी म्हणाले, "वरून आदेश पाहिजे."

मायबापहो, लेकरांच्या खेळातून अडचण पुसली म्हणून त्यांची वाट सोपी होत नाही. लेकरू एवढंच शिकतं, की त्रास झाला तरी बोलायचं नाही. आपापल्या शाळेत जा, ते दार स्वतः ढकलून पाहा!

आणि साहेब, वर म्हणजे तुम्हीच ना? मग आदेश कोणत्या तारखेला काढता? लेखी सांगा!