तीन पानांची ढाल

मी एक जुनी लाकडी ढाल आहे, मित्रांनो. लढाई मात्र मी जन्मात पाहिलेली नाही. जर्मनीतल्या एका लहानशा डोंगराळ पंचायतीचं मी मानचिन्ह. एका सुताराने ओकच्या फळीतून मला घडवलं, पांढरा रंग दिला, खाली ओढ्याची निळी नागमोडी रेघ ओढली आणि वर एकाच डहाळीला लिंडेनच्या झाडाची तीन हिरवी पानं काढली. वाड्या तीन, म्हणून पानं तीन.

पंचायतीच्या दारावर मला चढवलं तेव्हा बँड वाजला होता. लग्नाची जोडपी माझ्याखाली उभी राहून फोटो काढत आणि मी फुशारून जाई. पुढे ओढ्यावर धरण झालं. एर्लेनग्रुंड वाडी पाण्याखाली गेली, माणसं पांगली. मग माझ्याकडे कुणी मान वर करून बघत नाही, असंच मला वाटे. माझ्या रंगाचे पोपडे निघाले.

परवा सरपंच एगबर्ट यांना जाग आली. मला नवा रंग द्यायचं ठरलं. सोबत आणखी एक ठराव झाला: वाड्या दोनच उरल्या, तेव्हा पानंही दोनच ठेवावीत.

ल्यूडगर रंगारी शिडीवर चढला. खाली गर्दी जमली. तिच्यात एर्लेनग्रुंडच्या रोसविटामावशी काठीवर भार देऊन उभ्या होत्या. माझा जीव टांगणीला लागला.

"सरपंच, यातलं कुठलं पुसू?" ल्यूडगरने विचारलं.

एगबर्ट गडबडले. ते ठरावात लिहायचंच राहिलं होतं!

"वरचं नको हं, ते आमचं," वरच्या वाडीचा बेकरीवाला ओरडला.

"तुमचं कसं? चर्च आमच्या वाडीत, वरचं पान आमचं!" खालच्या वाडीची शिंपीण कडाडली.

"मग डावीकडचं पुसा."

"अहो, आणि तेच आमचं निघालं तर?"

शेवटी एगबर्ट हळूच म्हणाले, "मावशी, तुमचं कुठलं हो?"

"मला काय ठाऊक?" मावशी म्हणाल्या. "घर गेलं, शाळा गेली. रोज येता-जाता मी तिन्ही पानं बघते. तुम्हीच ठरवा बाबांनो. पुसाल ते माझं."

एगबर्टनी डोक्यावरची टोपी काढली.

"ल्यूडगर, हिरवा रंग तिन्ही पानांना पुरेल का रे?"

"न पुरायला काय झालं!"

बरं झालं, मला रडू येत नाही. ओला रंग ओघळला असता.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या गावातली एखादी आळी, एखादं घर उठून गेलं, तर त्याचं नाव पुसायची घाई करू नका. त्या नावाकडे बघायला रोज कुणीतरी येत असतं.