हमरियातला गोठलेला समुद्र

२००१ सालच्या जुलैत शारजातल्या हमरिया फ्री झोनमधल्या एका पाइप कारखान्यात फॅक्स आला आणि तिथली इंजिनिअर फिलोमिना डाबरे तहानभूक विसरली.

दूर उत्तरेकडच्या एका बेटावरच्या गावाला घरोघरच्या उबेसाठीच्या शेगड्या काढून टाकायच्या होत्या. एकच मोठा बॉयलर आणि घरं उबदार ठेवायला जमिनीखालच्या पाइपांतून सगळ्यांना गरम पाणी. त्यासाठी फोम गुंडाळलेले चौदा किलोमीटर पाइप हवे होते. पण एवढ्या कामाला नवी मशीन लागणार होती.

"आठ लाख दिरहम," कारखान्याचे मालक गुणवंतशेठ म्हणाले. "म्हणजे एक कोटी रुपये! आणि पैसे कधी मिळणार? तर माल गावात पोचल्यावर."

खरी मेख पुढेच होती. पाइप तयार व्हायला जानेवारी उजाडणार. तोवर बेटाकडच्या बोटी बंद. शेवटचे अकरा किलोमीटर माल गोठलेल्या समुद्रावरून ट्रकने न्यायचा.

"समुद्रावरून ट्रक?" शेठनी कपाळाला हात लावला. "त्या लोकांचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"सर, ते दर वर्षी जातात. बर्फ तीन फूट जाड असतो म्हणे."

"ते जात असतील. माझा माल बुडाला तर? खलास! नाही कळवून टाक."

"मला दहा दिवस द्या, समुद्राचा बर्फ किती वजन पेलतो ते दाखवते," फिलोमिना म्हणाली. बोलून गेल्यावर तिलाच धडकी भरली. वसईत वाढलेल्या या बाईने बर्फ पाहिला होता तो मासळीच्या टोपलीतला.

तिचा नवरा अल्बर्ट शारजात मासळीच्या कोल्ड स्टोरेजचा सुपरवायझर होता. त्याने मालकाची परवानगी काढली आणि रिकामा कोपरा मिळवला. शुक्रवारी दोघांनी किनाऱ्यावरून पिंपं भरभरून समुद्राचं पाणी आणलं. पहिल्या टाकीत ते चारही बाजूंनी गोठलं आणि सगळं खारट पाणी मधे कोंडलं. तो बर्फ तिने उचलला तेव्हा ओल्या पावासारखा हातात तुटला.

"गेला तुझा समुद्र," अल्बर्ट म्हणाला.

फिलोमिना मात्र टाकीकडे बघतच राहिली. "अरे, समुद्र काय बाजूंनी गोठतो? तो वरून गोठतो! खारट पाणी खाली निसटून जातं."

मग तिने कारखान्यातला फोम आणून दुसऱ्या टाकीच्या बाजू आणि तळ जाडजूड मढवले. आता थंडी फक्त वरून शिरणार होती. आत उणे अठरा, बाहेर अठ्ठेचाळीस! कामगार येता-जाता डोकावायचे. "मॅडम, समंदर जम गया?" "इन्शाल्ला!" ती स्वेटरमधून ओरडायची.

आठव्या दिवशी तिने त्या बर्फाच्या सारख्याच लांबी-रुंदीच्या दोन पट्ट्या कापल्या, एक दोन इंची, दुसरी चार इंची. दोन्ही लाकडी ठोकळ्यांवर आडव्या टेकवल्या, मधे दोरीने फळी टांगली आणि फळीवर कोळंबीची पाच-पाच किलोंची खोकी रचत गेली. पातळ पट्टी चौथ्या खोक्याला मोडली. जाड पट्टीने तेरा खोकी पेलली आणि चौदाव्याला तुटली.

"जाडी दुप्पट, ताकद जवळजवळ चौपट!" फिलोमिनाने अल्बर्टला कडकडून मिठी मारली. दोघांच्या भुवयांवर दव गोठलं होतं.

दहाव्या दिवशी तिने शेठना बोलावलं. अल्बर्टचा कोट त्यांना पोटावर बसेना. टाकीत पाण्यावर चार इंच पांढुरका बर्फ होता.

"उभे राहा, सर."

"मी? पंच्याऐंशी किलो आहे मी!"

"म्हणूनच."

शेठनी देवाचं नाव घेतलं, एक पाय टाकला, मग दुसरा. काही झालं नाही. हळूच टाच आपटली. तरी काही नाही. मग ते त्या बर्फावर असे खदखदून हसले की कामगार धावत आले.

"चार इंच मला झेलतो, तर तीन फूट..." ते बोटांवर हिशोब करू लागले आणि मधेच सोडून म्हणाले, "यल्ला, चल, मशीनची ऑर्डर टाक!"

फेब्रुवारीत माल उतरवून घ्यायला फिलोमिना स्वतः गेली. पहिल्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसली. बर्फ फुटलाच तर उडी मारता यावी म्हणून दारं उघडी ठेवून तो बैलगाडीच्या चालीने चालला होता. वेगाने गेलं तर खालच्या पाण्यात लाट उठते आणि बर्फाला तडा जातो, हे त्याने हातवारे करून सांगितलं. मधूनच खालून दबका आवाज यायचा. आधी तिने सीट घट्ट धरली. मग बाहेर पाहिलं. चहूकडे नुसतं पांढरं आणि त्यावर ऊन. ती मोठ्याने हसली, ड्रायव्हरही हसला.

काठावर अख्खं गाव जमलं होतं. एका म्हातारीने पुढे होऊन पहिल्या पाइपवर हात ठेवला आणि फिलोमिनाच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. शाळेतली पोरं पाइपच्या एका तोंडातून हाका मारत होती आणि दुसऱ्या तोंडाशी कान लावून खिदळत होती. फिलोमिना वाकली आणि तोंडाशी हात धरून तिनेही पाइपात जोरदार साद घातली.