दोनशे अठरावी सही

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या दाराशी सभासद थिआ लिंडक्विस्ट पोचली तेव्हा आत प्रार्थना सुरू झाली होती. प्रार्थना चालू असताना सभागृहात पाऊल टाकायचं नाही, ही इथली रीत. छातीशी तीन महिन्यांची सोल्वे, खांद्यावर लंगोटांची पिशवी घेऊन ती उंबऱ्यातच थांबली. समोरच्या टेबलावर तो अर्ज होता. दोनशे सतरा सह्यांचा.

राष्ट्राध्यक्षांनी पुकारलेली आणीबाणी संसदेनं तीस दिवसांत मान्य केली नाही तर ती आपोआप संपावी, असं ते विधेयक. सभापतींनी वर्षभर दाबून ठेवलेलं. ते मतदानाला आणा, अशा अर्जावर निम्म्याहून जास्त सभासदांच्या सह्या झाल्या की मात्र त्यांचाही इलाज चालत नाही. एकच सही कमी होती. ती आज झाली नाही तर सुट्टीआधी मतदान होत नव्हतं, आणि वर्ष संपलं की अर्जही मेला. थिआच्या भागातल्या पुलाचं काम तीन वर्षांपूर्वी अशाच एका आणीबाणीत पैसा वळवून थांबवलं होतं. ती आणीबाणी अजून चालूच होती, आणि शाळेची बस अजून तळ्याला वळसा घालून जात होती.

बाळाच्या छातीत कफ, म्हणून डॉक्टरांनी विमान नको म्हटलं. मग नवऱ्यानं मिनेसोटाहून दोन दिवस गाडी हाकली. ती निघाल्याचं कळताच सभापतींनी कामकाज गुंडाळून सगळ्यांना घरी धाडलं. पण नियमापुरती तीन मिनिटांची बैठक आज भरवावीच लागणार होती, आणि बैठक म्हटली की सह्यांचं टेबल उघडं. नेमकं हेच त्यांच्या ध्यानातून निसटलं.

शेजारी लुइझियानाचे म्हातारे हार्लन बूद्रो उभे होते. राष्ट्राध्यक्षांच्याच पक्षाचे, दोनशे सतरावी सही त्यांची. तेव्हापासून पक्षात त्यांच्या पंगतीला कुणी बसत नव्हतं.

"हे पाद्रीबाबा संपवणार कधी?" थिआ कुजबुजली.

"सभापतींच्या जागी आज स्ट्रोड बसलाय ना, त्याच्या गावचे आहेत. कौतुकानं त्यानंच बोलावलंय. भोग म्हणावं आता."

सोल्वे कुरकुरली.

"आण तिला इकडे."

"तुमच्याकडे रडेल ती."

"चाळीस वर्षं मला बघून मतदार रडले नाहीत, ही काय रडतेय."

एकदाचं आमेन झालं. झेंड्याची शपथ झाली. सोल्वेला छातीशी धरूनच थिआ रिकाम्या बाकांमधून चालू लागली. तिला पाहताच स्ट्रोडची जीभ घोड्यासारखी सुटली. "पुढे काही कामकाज नसल्यानं..." त्यानं हातोडा उचलला.

"सभासद टेबलाशी आल्यात," कारकून पेट्राकिसबाई म्हणाल्या.

"बैठक संपलीय, बाई."

"हातोडा पडला की संपते. मी तर ऐकला नाही."

हातोडा हवेतच. तेवढ्यात बाजूला उभे पाद्रीबाबा वडीलकीनं म्हणाले, "थांब ना रे कॅल्विन जरा. लेकुरवाळी आहे."

गावच्या पाद्रीबाबांदेखत काय करणार? स्ट्रोडनं हात खाली घेतला.

थिआनं सही केली. पूर्ण नाव, ठसठशीत. पेट्राकिसबाईंनी शेजारी आकडा घातला आणि तो मोठ्यानं वाचला. वरच्या सज्ज्यात टाळ्या वाजवायला बंदी, म्हणून तिथली दहाबारा माणसं नुसतीच उठून उभी राहिली. बूद्रोंनी चष्मा काढून पुसला.

मग हातोडा पडला, उगाचच जोरात. पण आता मतदान कुणाच्या बापाच्यानं टळणार नव्हतं.

सोल्वेनं भुकेचा सूर लावला. थिआ पहिल्याच बाकावर बसली, अंगावर दुपटं ओढलं आणि तिला तिथंच पाजायला घेतलं. तिला उठवायला कुणीही आलं नाही.