चोवीस वायरी

तवोंगानं शेवटची निळी वायर पट्टीत दाबून बसवली आणि तिच्या दोन्ही टोकांना आकड्याची पिवळी चिठ्ठी चिकटवली. चोवीस.

झोम्बाजवळच्या त्या मिशनच्या रुग्णालयात सर्व्हरची खोली म्हणजे वायरींचं जंगल होतं. त्यातली वाट ती खोली सांभाळणाऱ्या एकट्या कालुवांना ठाऊक; सगळे त्यांना बांबो, म्हणजे बाबा, म्हणत. त्यांची नवी मदतनीस तवोंगा तीन आठवडे एकेक वायर सोडवत होती.

"वेण्या घालतेस की काय?" कालुवा दारातून म्हणाले. "लग्न आहे का कपाटाचं?"

"लग्न बहिणीचं, बांबो. शनिवारी, करोंग्याला."

"जा. पण इथे काही अडलं, तर तुझ्या चिठ्ठ्या बोलायच्या नाहीत."

शुक्रवारी तवोंगाची बस म्झुझूच्या पुढे निघाली आणि फोन वाजला. प्रयोगशाळेतली कारकून एस्नार्ट बोलत होती.

"ताई, रक्तपेढीचा संगणक बंद पडलाय. बाळंत होणाऱ्या बाईला रक्त हवंय, जुळणारी पिशवी कुठली ते कळत नाही. बांबो जनरेटरचं डिझेल आणायला गेलेत, फोन उचलत नाहीत."

"खोलीत जा. सगळ्या वायरी शिरतात त्या पेटीवर दिवे आहेत?"

"एकही नाही. जळका वास येतोय."

"तिची वीज काढ. खालच्या फळीवर तशीच पेटी तयार ठेवलीय, ती चालू कर. एक नंबरची वायर जुन्यातून काढायची, नव्यात एक नंबरच्या भोकात घालायची."

"मी कधी हात लावला नाही याला."

"चिठ्ठी वाचता येते ना?"

एस्नार्ट मोठ्यानं आकडे म्हणू लागली. शेजारी सुक्या मासळीची टोपली घेऊन बसलेली बाई बोलायची थांबली आणि ऐकू लागली. नऊ म्हणता म्हणता बस घाटात शिरली आणि फोन तुटला.

तवोंगा पाऊण तास फोन खिडकीबाहेर धरून बसली. घाट उतरताना खाली मोठं सरोवर दिसू लागलं, तेव्हा तो वाजला.

"पिशवी मिळाली ताई. आई बरी आहे, मुलगी झाली."

"वायरी कुणी लावल्या?"

"मीच. बांबो आले तेव्हा पंधरा झाल्या होत्या. त्यांनी नुसती टॉर्च धरली."

तवोंगानं मान मागे टेकली. मासळीवालीनं काही न विचारता तिच्या हातात एक केळं ठेवलं.

पलीकडे फोन हातातून हातात गेला.

"तवोंगा," कालुवांचा आवाज आला. "आल्यावर साहेबांना माझा रजेचा अर्ज लिहून दे. एकोणीस वर्षांत कधी टाकला नाही, कसा लिहितात ते माहीत नाही."

"किती दिवसांचा, बांबो?"

"लोक किती दिवसांचा टाकतात?"