कागद उलटा धर

"अजून एक पोरगी लागेल," फोटोग्राफर म्हणाला. "पाच जणांच्या उडीत काही दम नाही."

बारावीच्या तोडीच्या ए-लेव्हल परीक्षेचा निकाल लागला की मुलांनी शाळेच्या हिरवळीवर हातात कागद घेऊन हवेत उडी मारायची आणि पेपरवाल्यांनी ती छापायची, असा इंग्लंडमधल्या हल शहरात रिवाजच होता. तीन ए मिळवणारी इमोजेन बाकावर बसली होती, पण तिचा पाय प्लास्टरमध्ये. उडीच्या दृष्टीने तिच्या यशाचा काही उपयोग नव्हता.

मुख्याध्यापिका हेस्केथबाईंची नजर सायकल-स्टँडमागे गेली. तिथे टेस पिकरिंग नाक पुसत उभी होती. ब्रॅडफर्ड विद्यापीठात फार्मसीच्या प्रवेशाला तीन बी हवे होते. तिला मिळाले होते सी, डी आणि ई.

"ये गं टेस, तू उंच आहेस."

"बाई, माझी जागा गेलीय."

"अरेरे. कागद उलटा धर, म्हणजे दिसायचं नाही."

टेस सगळ्यांपेक्षा वर गेली. तोंड रडण्यासाठी उघडलं होतं. फोटोत ते हसू निघालं.

मग तिने विद्यापीठांतल्या उरलेल्या जागांच्या हेल्पलाइनवर चाळीस मिनिटं संगीत ऐकलं.

"फार्मसी भरली, बाळ," पलीकडचा माणूस म्हणाला. "गोल्फच्या मैदानाची देखभाल आहे. तीन वर्षांची पदवी."

"मी गोल्फ कधी पाहिलेलं नाही."

"गवत पाहिलंयस ना?"

विचार करून सांगते म्हणत तिने फोन ठेवला.

तिचा बाप रॉय कचऱ्याची गाडी चालवायचा. लेकीच्या हॉस्टेलसाठी त्याने जुलैतच किटली, टोस्टर आणि दोन पातेली आणून ठेवली होती. खोक्यावर मार्करने लिहिलं होतं : टेसची खोली, ब्रॅडफर्ड.

त्याने निकाल वाचला. "सी, डी, ई. निदान ओळीने तरी आलेत."

ती हसली नाही. तोही हसला नाही.

"परत बसशील?"

"बघू."

दुसऱ्या दिवशी फोटो पहिल्या पानावर आला. खाली छापलं होतं, सगळ्यांना हवी ती जागा मिळाली. संध्याकाळी फिश-चिप्सच्या दुकानात मालकीण मॉरीनने पैसे घ्यायला नकार दिला.

"औषधवाल्या बाईकडून घेते होय मी? माझ्या गुडघ्याचं तेवढं लक्षात ठेव, पोरी."

टेसने बापाकडे पाहिलं. आता तो सांगेल, असं तिला वाटलं.

"व्हिनेगर जरा जास्त घाल, मॉरीन," रॉय म्हणाला.

त्यानंतर कुणाला काही सांगायची सोयच उरली नाही. परत परीक्षेला बसायचं तर कशासाठी, हेही आता सांगता आलं नसतं. सप्टेंबरात शाळेच्या स्वयंपाकघरात जागा निघाली. तिथे गुण विचारले नाहीत. टेस सुट्टीवर आलीय, असं मॉरीनला वाटत राहिलं. नऊ वर्षं.

शाळेने तो फोटो मोठा करून फाटकालगतच्या कुंपणावर उंच लावला : 'इथून झेप घ्या.' रोज सकाळी टेस स्वतःच्याच उडत्या पावलांखालून कामावर जायची.

एकदा जेवणाच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "कुंपणावरची ती बाई तुमच्यासारखी दिसते."

"असेल."

"ती आता काय करते?"

"बीन्स वाढू का?"

नऊ वर्षांनंतरच्या ऑगस्टात नव्या उडीचा फोटो आला आणि जुना बॅनर उतरला. शिपाई गुंडाळी घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी आला. "कचऱ्यात टाकू?"

"नको. आमच्या शेडचं छप्पर गळतंय."

रविवारी बाप-लेकीने तो छपरावर पसरला. रॉयने फोटोची बाजू आत केली आणि चारही कोपऱ्यांना खिळे ठोकले.

खाली शेडमध्ये हॉस्टेलचं ते खोकं होतं. टेप अजून फाडलेला नव्हता.

"भिजलं का?" टेसने विचारलं.

"कडेला थोडं." रॉयने खोकं कोरड्या जागी सरकवलं, त्यावरची अक्षरं भिंतीकडे केली आणि चहा टाकायला आत गेला, जुन्या किटलीत.