नाव घातलेली सीडी

रुपेशवर माझा पहिल्यापासून विश्वास नव्हता. लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या माणसाकडं निम्म्या तालुक्याची तोंडं साठवलेली असतात. तो ती कुणाकुणाला दाखवत असेल, देव जाणे. पण जुनी सीडी चालणारं मशीन दहिवलीत त्याच्याच दुकानात उरलं होतं. आमचा कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेला आणि माझ्या लेकीच्या, दीप्तीच्या, नव्या लॅपटॉपला सीडी घालायची फटच नाही.

सीडी एकच होती. माझ्या भावानं, नरेशनं, सतरा वर्षांपूर्वी घरीच काठोकाठ भरलेली. त्यात आमच्या आईची चौदा गाणी. कडावच्या विहारात जयंतीला ती गायची, गाणी स्वतःच जुळवायची. शेवटचं गाणं मी दहावी पास झाले तेव्हाचं, माझं नाव गुंफलेलं. आईला जाऊन आठ वर्षं झाली. तिचा आवाज दुसरीकडं कुठंच नाही.

"ठेवून जा मावशी, संध्याकाळी पेनड्राइव्हमधी भरून देतो," रुपेश फोनवर म्हणाला, तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. ठेवून का म्हणून जायचं? कळंबच्या एका म्हाताऱ्याची गाणी मागच्या वर्षी भलत्याच्याच नावानं मोबाइलवर फिरत होती. आणि सीड्या दिसायला सगळ्या सारख्या. त्यानं कोरी हातात ठेवली तर मला काय कळणार?

भांडं घराबाहेर जाणार असलं की आमच्याकडं त्यावर नाव घालतात, म्हणजे कुणाच्याही घरात सापडलं तरी ओळखू येतं. मी दीप्तीच्या जुन्या कंपासपेटीतलं कर्कटक घेतलं आणि सीडीच्या कडेकडेनं आईचं नाव कोरलं. चकचकीत बाजूला बोटसुद्धा लागू दिलं नाही; गाणी तिथं असतात, एवढं मला ठाऊक होतं. वरच्या पांढऱ्या बाजूवर कोरलं, चांगलं दाबून.

दुकानात खुर्ची ओढून मी मशीनसमोरच बसले. "ठेवून-बिवून नाय जायची," म्हटलं. रुपेश हसला. अकरा गाणी उतरली. बाराव्याला मशीन घरघरायला लागलं.

"मावशी, पुढचं वाचत नाय."

"आतापर्यंत वाचत होतं की! काय केलंस रं?"

सीडी काढून त्यानं ट्यूबलाइटसमोर धरली. कडेनं उजेडाची अक्षरं उमटली, भीमाबाई रामभाऊ गायकवाड, चष्म्याशिवाय वाचता येतील एवढी स्वच्छ.

"गाणी या वरच्या रंगाच्या लगेच खाली असतात, मावशी, आतून भरत येतात, शेवटची कडेला. तिथली चकाकी उडाली की गेलं. खालून ओरखडा असता तर घासून तरी बघितलं असतं. कोनी कोरलं हे?"

दीप्तीनं, असं सांगणार होते. पण जीभ रेटेना.

"मीच. तू बदलशील म्हणून."

त्यानं दुसऱ्या मशीनवर घालून पाहिली, मग अगदी हळू चालवून पाहिली. शेवटची तीन गाणी आली नाहीत. तो मला एक शब्द वाकडा बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

पेनड्राइव्ह माझ्या हातात देऊन त्यानं स्क्रीन माझ्याकडं वळवली. "ही तुमची गाणी, माझ्या कॉम्प्युटरवर उतरलेली. तुमच्यासमोरच पुसतो, म्हनजे शंका नको."

मी त्याचं मनगट धरलं. "नको पुसू रं. तुझ्याकडं राहू दे. नरेशला पाठव, विहारातल्या बायांना पाठव. मागंल त्याला दे."