पाच विती, चार बोटं

राधाकिशनच्या भिंतीवर नवा टीव्ही लागला त्या संध्याकाळी समोरच्या बन्सीधरच्या पोटात दुखायला लागलं. चतुराबाईनं त्याला ओवा दिला. तिनं आयुष्यभर नवऱ्याच्या प्रत्येक दुखण्यावर ओवाच दिला होता आणि बहुतेक दुखणी त्यानं गेलीही होती. पण हे दुखणं ओव्याच्या हद्दीतलं नव्हतं.

गल्ली आठ फुटांची. अलीकडे बन्सीधर, पलीकडे राधाकिशन. दोघं एकाच वर्षी शाळेत गेले, एकाच वर्षी शाळेतून पळाले, दोघांची शेतंही बांधाला बांध लागून. इतकी जवळीक असल्यावर माणसाला जळायला लांब जावं लागत नाही.

गल्लीत पहिला टीव्ही आणला तो बन्सीधरनं. डब्याचा, पाठीला पोक असलेला. अंगावर चतुराबाईनं विणलेला रुमाल, रुमालावर प्लास्टिकची फुलं. बावीस वर्षं रोज सातच्या बातम्या लागायच्या आणि बावीस वर्षं गल्लीतली पाच-सहा पिकली डोकी बन्सीधरच्या बैठकीत यायची. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले दत्तराव कोपऱ्यात बसायचे, त्यांची उशीसुद्धा ठरलेली होती. बातमी टीव्हीनं सांगायची आणि तिचा अर्थ बन्सीधरनं. "ह्याचं काई खरं न्हाई," असं तो म्हणाला की ती बातमी निकालात निघायची. अलीकडे पडद्याच्या डाव्या अंगाला एक हिरवा डाग पडला होता. त्या बाजूला गेलेला कुणीही, मग तो मंत्री असो की म्हैस, हिरवा व्हायचा. पण कुणाची तक्रार नव्हती. तीच म्हैस दुसरीकडे काळी दिसते हे कळेपर्यंत तक्रारीला जागाच नसते.

मंगळवारी ती जागा झाली. राधाकिशनच्या पोरानं, शिवप्रसादनं, पुण्याहून बापाला टीव्ही धाडला. पाठ नसलेला, भिंतीला चिकटणारा.

बुधवारी सात वाजले तेव्हा बन्सीधरच्या बैठकीत तो, टीव्ही आणि दत्तरावांची उशी एवढेच होते. स्वतः दत्तराव दारावरून चालले होते.

"दत्तराव, बातम्या लागल्यात."

"व्हय व्हय. जरा पाय मोकळे करून येतो म्हणलं."

दत्तरावांचे पाय आठ फुटांत मोकळे झाले. समोरच्या उंबऱ्यात त्यांनी चपला काढल्या. तिथं आधीच पाच जोड होते. बन्सीधरनं ते मोजले, मग कुणाचे ते ओळखले, मग परत मोजले.

"ह्याचं काई खरं न्हाई," तो टीव्हीला म्हणाला. आतून चतुराबाईनं विचारलं, "कुणाचं?" त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी राधाकिशन स्वतः बोलवायला आला. हे त्याचं सगळ्यात वाईट होतं. तोरा मिरवत आला असता तर बन्सीधरला शिवी तरी देता आली असती.

"बन्सी, तू आलाच न्हाईस. तू नसला तर बातम्या अळणी लागायल्यात गड्या."

नाही म्हणायला तोंड राहिलं नाही. बन्सीधर गेला, आणि गेला तो अर्थात खोट काढायलाच. पण पडदा उजळला आणि त्याला खोट सापडेना. बातम्या देणाऱ्या बाईच्या हनुवटीवर तीळ होता. बावीस वर्षांत त्यानं ज्यांचे चेहरे पाहिले त्यातल्या एकालाही तीळ नव्हता. शेताची बातमी लागली तर कापसाच्या बोंडावरची कीड दिसली. म्हैस आली ती काळी आली आणि डावीकडून उजवीकडे काळीच गेली. सगळे एका सुरात "हां" म्हणाले. बन्सीधरच्या घरी कुणी म्हशीला हां म्हणालं नव्हतं.

"लय चकचकीत हाय," बन्सीधर शेवटी म्हणाला. "डोळे जातील."

"जातील तवा जातील," दत्तराव म्हणाले. "तवर बघू की."

"राधाकिशन, किती इंची म्हणायचा ह्यो?"

"मला काय ठावं गड्या. पोरानं धाडला, टांगला. इंच-बिंच कोण बघतंय."

इंच-बिंच. माणसानं नम्रपणा कुठवर ताणावा याला काही सुमार. ज्याच्याकडे लहान असतं त्याला त्याचा आकडा पाठ असतो. आकडा माहीत नाही म्हणणारा माणूस सरळसरळ बढाई मारत असतो, असं बन्सीधरचं मत झालं आणि ते काही अगदीच चुकीचं नव्हतं. बरं, खोका पाहावा तर तो राधाकिशनच्या बायकोनं, दैवशालानं, आकड्याची बाजू भिंतीला लावून त्यात वाळवणाच्या शेवया भरल्या होत्या.

तेवढ्यात दैवशालानं अंगणातून भजी झाल्याची हाक दिली आणि बैठक क्षणात मोकळी झाली. बन्सीधर मागं राहिला. त्यानं दाराकडे पाहिलं, मग टीव्हीच्या डाव्या कडेला अंगठा टेकवला आणि खालच्या काठावरून वीत टाकली. अंगठा करंगळीशी, करंगळी पुढं. ज्या हातानं त्यानं पेरणीचं अंतर मोजलं होतं, दावणीचा दोर मोजला होता, लेकीच्या लग्नात मांडवाचा खांब मोजला होता, तो हात चुकणारा नव्हता. पाच विती, चार बोटं.

"काय करायलास रे बन्सी?" राधाकिशन भज्यांची ताटली घेऊन दारात उभा.

"धूळ बसलीय जराशी."

"परवाच आलाय की."

"मग आत्ताच पुसलेली बरी," असं म्हणून बन्सीधरनं उपरण्यानं राधाकिशनचा टीव्ही पुसला. शेजाऱ्याचा टीव्ही पुसायची वेळ आली हे त्याला भज्यांपेक्षा जास्त तिखट लागलं.

घरी येऊन त्यानं हिशेब केला. वीत म्हणजे नऊ इंच. पाच नव्वे पंचेचाळीस, वर चार बोटांचे तीन. अठ्ठेचाळीस.

"अठ्ठेचाळीस," तो ताटावर बसताना हवेत वीत पसरून म्हणाला.

"कशाचं?" चतुराबाईनं विचारलं.

"काई न्हाई. आपल्याला नवा टीव्ही घ्यायचाय."

"न्हाणीचं दार मोजून आणा म्हणून दोन वर्सं सांगायले मी तुमाला," चतुराबाई म्हणाली. "तवा वीत सापडत न्हाई तुमची."

सोमवारी सेलूला कापूस घातला आणि बाजारातून बन्सीधर तडक टीव्हीच्या दुकानात गेला. दुकानात भिंतभर टीव्ही होते आणि सगळ्यांत एकच मासा पोहत होता.

"अठ्ठेचाळीसच्या वर काय हाय?"

"अठ्ठेचाळीस नसतो काका. वर पन्नास आहे, मग पंचावन्न."

बन्सीधरनं विचार केला. दोन्ही परवडण्यासारखे होते. पण पंचावन्न घेतला तर गाव म्हणेल, जळून घेतला. पन्नास घेतला तर म्हणेल, सहज घेतला, आणि सहजच दोन इंच मोठा निघाला. दोन इंच पुरे. त्याहून जास्त म्हणजे दिखावा, आणि दिखाव्याचा बन्सीधरला मनापासून तिटकारा होता.

"पन्नासच द्या," तो म्हणाला. "आमाला काय, बातम्या तर बघायच्यात."

खोका घरी आला तो त्यानं ओट्यावर ठेवला, ५० हा आकडा गल्लीकडे करून. दुपारी चतुराबाई झाडायला म्हणून तो आत सरकवत होती तर तिला म्हणाला, "राहू दे. हवा लागू दे त्याला."

टांगायला बालाजी आला. तीन लेकरांचा बाप, सुटलेली ढेरी, गावातल्या प्रत्येक पंख्याला आणि मोटारीला त्याचा हात लागलेला. त्यानं भिंतीला भोकं पाडली, टीव्ही अडकवला, चतुराबाईनं हळदीकुंकू लावलं, नारळ बाहेर पायरीवर फोडला. मग बन्सीधरनं, केवळ हौस म्हणून, खालच्या काठावर वीत टाकली. एक. दोन. तीन. चार. पाचव्या वितीला करंगळी भिंतीवर गेली.

त्यानं हाताकडे पाहिलं. परत टाकली. परत भिंत.

"बालाजी, ह्यो पन्नास न्हाई. फसवलं त्यानं. चव्वेचाळीस भरायलाय."

"काका, तुमी आडवा मोजायलाव. टीव्ही तिरका मोजतेत." बालाजीनं वरच्या कोपऱ्यातून खालच्या कोपऱ्यात हवेत बोट ओढलं. "ह्या कानापासून त्या पायापत्तुर."

बन्सीधरनं त्या बोटामागं नजर फिरवली.

"कामून?"

"कामून म्हंजे. तशीच पद्धत हाय. मोठा आकडा येतो."

"तसं असंल तर माझं रान तिरकं मोजा म्हणावं. दहा एकराचा धनी होतो मी आजच्या आज."

"मोजा की. तलाठ्यानं मानलं पायजे."

"मग आडवा अठ्ठेचाळीस भरला तर तिरका किती?"

बालाजीनं स्क्रू दातात धरून विचार केला. "पंचावन्न. राधाकिशनकाकाचा तेवढाच हाय, मीच टांगलाय."

बन्सीधर खाली बसला. पाच इंच. दोन इंचांनी जिंकायला गेला आणि पाच इंचांनी हरून आला, तेही आपल्या हातानं मोजून. पंचावन्न दुकानात त्याच्या समोर होता. त्यानं तो नम्रपणापायी नाकारला होता. नम्रपणा राधाकिशनलाच लाभायचा, हे त्याला आता पटलं.

"बालाजी," तो म्हणाला, "चहा घेऊन जा. आणि हे तिरकंबिरकं गावात बोलायचं न्हाई. लोकायला कळत न्हाई, उगं गोंधळ व्हतो."

सात वाजता चपला वाजल्या. दत्तराव आले, आपल्या उशीवर बसले, आणि मधले सहा दिवस आलेच नसावेत अशा चेहऱ्यानं म्हणाले, "हां, लावा." मागून बाकीचे आले. शेवटी राधाकिशनही आला. खोली लहान होती, त्यामुळे टीव्ही मोठा दिसत होता. लहान घराचा हा फायदा बन्सीधरच्या साठ वर्षांत प्रथमच लक्षात आला.

"किती इंची?" दत्तरावांनी विचारलं.

"पन्नास," बन्सीधर म्हणाला. यात काही खोटं नव्हतं. खोक्यावर छापलेलं होतं.

राधाकिशननं टीव्हीच्या या कडेकडे पाहिलं, त्या कडेकडे पाहिलं, आणि बातम्या संपायच्या आत उठून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुडापाशी दैवशाला चतुराबाईला सांगत होती ते बन्सीधरनं ओट्यावरून ऐकलं.

"काल घरी आलं ते टीव्हीलाच भिडलं बाई. हातानं चाचपायलं. अठ्ठेचाळीसच भरायलाय म्हणं. मंग जेवलं न्हाई. शिवप्रसादला फोन केला, तू मला लहान धाडलास म्हणून."

"पोटात दुखायलं आसंल," चतुराबाई म्हणाली. "ओवा द्या."

"दिला की."

बन्सीधर त्या दुपारी दोन भाकरी जास्त जेवला. राधाकिशनचं पोट दुखतंय. ओव्यानं जात नाही. कोणत्या जागी दुखतं, कसं दुखतं, सगळं बन्सीधरला माहीत होतं. आपल्याच घरात राहून गेलेला पाहुणा शेजारी मुक्कामाला गेला की त्याच्या सवयी आपल्याला माहीत असतात, तसं. हे सुख संध्याकाळी सातपर्यंत टिकलं.

सात वाजता राधाकिशन आला आणि आज मागं न बसता थेट भिंतीशी, टीव्हीच्या खाली बसला.

"तिथून दिसंल का तुला?" दत्तरावांनी विचारलं.

"मान आखडलीय. हितं टेकायला बरं."

बातम्या सुरू झाल्या. बाई आली, तीळ आला. सगळे समोर बघत होते, आणि बन्सीधर राधाकिशनचा उजवा हात बघत होता. तो हात मांडीवरून उठला. डोक्याला खाजवल्यासारखं करून वर गेला. टीव्हीच्या कडेला अंगठा टेकला, आणि करंगळी सावकाश, झोपेतल्या मांजरीसारखी, ताणली गेली.

बन्सीधर उठला तो उडीच मारून. चुलीपुढून चतुराबाईच्या हातातली चहाची बशी घेतली आणि राधाकिशनच्या त्या पसरलेल्या पंजात ठेवली.

"चहा घे राधाकिशन. गरम हाय, दोन्ही हातानं धर."

राधाकिशननं बशी धरली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, आणि शाळेपासूनचं होतं, पण बातम्या चालू होत्या.

तेव्हापासून असं ठरून गेलं आहे. सातला सगळे बन्सीधरकडे जमतात. राधाकिशन टीव्हीखाली बसतो आणि बन्सीधर त्याच्यासमोर, पडद्याकडे पाठ करून. राधाकिशनचा हात मोकळा झाला की त्यात बशी येते, बशी संपली की सुपारी, सुपारी संपली की पुन्हा बशी. ज्या हातात बशी आहे त्या हाताला वीत टाकता येत नाही. म्हशीचं दूध पूर्वी सकाळपर्यंत पुरायचं, ते आता बातम्यांतच संपतं. बातमीचा अर्थ सांगणं बन्सीधरनं बंद केलं आहे, कारण कोणती बातमी चालू आहे हे त्याला माहीत नसतं.

परवा पालमहून त्याची लेक सविता आली. आल्या आल्या तिनं विचारलं, "आबा, नवा टीव्ही कसा हाय? चित्र कसं दिसतंय?"

बन्सीधरनं खरोखर आठवून पाहिलं.

"राधाकिशन बारीक झालाय," तो म्हणाला. "बाकी समदं ठीक दिसतंय."